यूजीन कूनिन यांचे संशोधन: प्रथिनांच्या जुळणीपासून विषाणूंच्या वंशावळीपर्यंत

कोंबड्यांना ब्राँकायटिस देणाऱ्या करोनाविषाणूचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, १९८७ मध्ये पूर्ण वाचून झाला. साडेसत्तावीस हजारांहून अधिक न्यूक्लिओटाइड्सच्या (जनुकीय अक्षरांच्या) त्या लांबलचक आरएनएचा पहिला दोन-तृतीयांश भाग एक अजस्र बहुप्रथिन (नंतर तुकडे होऊन अनेक प्रथिने देणारी एकच साखळी) घडवतो, एवढे कळले होते. त्या बहुप्रथिनाचा कुठला तुकडा काय काम करतो, हे कळले नव्हते. १९८९ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर गोर्बालेन्या आणि यूजीन कूनिन या जीवशास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणताही प्रयोग न करता, निव्वळ अमिनो आम्लांचा क्रम इतर विषाणूंशी ताडून, त्यातले पॉलिमरेज (जनुकीय साखळीची नक्कल करणारे विकर, म्हणजे एन्झाइम), हेलिकेज (साखळी उलगडणारे) आणि प्रोटिएज (प्रथिने कापणारे) कुठे असावेत ते दाखवले.

ही जुळणी वाटते तितकी सोपी नव्हती. पोलिओच्या पॉलिमरेजमध्ये ग्लायसीन-अ‍ॅस्पार्टेट-अ‍ॅस्पार्टेट असे तीन अवशेष (अमिनो आम्ले) सलग येतात. करोनाविषाणूत त्या जागी पहिला अवशेष सेरीन आहे. तीन अक्षरांचा असा तुकडा मोठ्या प्रथिनात योगायोगानेही सापडतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून चालत नाही. त्याच्या मागचे-पुढचे जतन झालेले तुकडे त्याच क्रमाने येतात का, त्यांच्यातले अंतर साधारण तेवढेच आहे का, हे तपासावे लागते. प्रोटिएजच्या बाबतीतही तसेच. कायमोट्रिप्सिन या पचनविकरासारख्या घडणीच्या या विकरात कामाच्या जागी सेरीनऐवजी सिस्टीन बसलेले आहे, ही कल्पना या गटाने मांडली आणि १९९४ मध्ये पोलिओच्या नात्यातल्या विषाणूंच्या प्रथिनांच्या रचनांनी ती खरी ठरवली. करोनाविषाणूच्या या प्रोटिएजला आजही ‘३सी-सदृश’ म्हणतात, ते पोलिओच्या ‘३सी’ प्रोटिएजवरूनच. कोविडवरचे निर्माट्रेल्व्हिर हे औषध त्याच सिस्टीनला जाऊन चिकटते.

कूनिन यांचा जन्म १९५६ चा. १९८३ मध्ये मॉस्को राज्य विद्यापीठाची डॉक्टरेट आणि १९९१ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथील एनसीबीआय, म्हणजे राष्ट्रीय जैवतंत्रज्ञान माहिती केंद्र. ते तिथे गेले ती वेळ महत्त्वाची होती, कारण चारच वर्षांत, १९९५ मध्ये, पेशीय जीवांचे पहिले दोन संपूर्ण जीनोम आले, दोन्ही जिवाणूंचे: हिमोफिलस इन्फ्लुएन्झा (सुमारे १८.३ लाख बेस जोड्या) आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम (सुमारे ५.८ लाख). एक ग्रॅम-निगेटिव्ह, दुसरा ग्रॅम-पॉझिटिव्ह वंशातला; हे जिवाणूंचे दोन मोठे विभाग. म्हणजे दोघांचा समान पूर्वज फार जुना. मग दोघांत टिकून राहिलेली जनुके जगण्यासाठी अटळ असावीत, असा तर्क अर्काडी मुशेगियन आणि कूनिन यांनी १९९६ मध्ये लावला. समान जनुके निघाली २४०.

पण ही यादी घेऊन पेशी चालवायची म्हटली तर चयापचयाच्या साखळीतल्या काही कड्याच गायब होत्या. ग्लुकोजच्या विघटनातली फॉस्फोग्लिसरेट म्युटेजची पायरी पाहा. दोन्ही जिवाणू ती करतात, पण ज्या प्रथिनांनी करतात त्यांचे एकमेकांशी काही नाते नाही. तुलनेत अशी जोडी निसटणारच. या प्रकाराला कूनिन यांनी असमवंशी जनुक-विस्थापन म्हटले. अशा २२ जागा भरल्या, अनावश्यक वाटलेली ६ जनुके वगळली आणि आकडा २५६ वर स्थिरावला. हा आकडा आजही उद्धृत होतो, पण जपून वापरावा. ज्या जनुकांचे कामच ठाऊक नाही, ती अशा तुलनेत सहज सुटतात. २०१६ मध्ये प्रयोगशाळेत घडवलेल्या किमान जिवाणूत ४७३ जनुके लागली आणि त्यांपैकी १४९ जनुकांचे काम तेव्हा माहीत नव्हते.

पुढचा टप्पा सीओजी, म्हणजे समवंशी प्रथिनांच्या गटांच्या, संग्रहाचा, १९९७ चा, रोमन टाटुसोव्ह आणि डेव्हिड लिपमन यांच्यासह. सात जीनोममधले प्रत्येक प्रथिन इतर सर्व जीनोमशी ताडायचे, प्रत्येक जीनोममधला सर्वोत्तम जुळणारा जोडीदार नोंदवायचा, आणि तीन दूरच्या वंशांतले जोडीदार एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर तो त्रिकोण धरायचा. सामाईक बाजू असलेले त्रिकोण जोडत गेले की एक गट तयार होतो. असे ७२० गट मिळाले. जुळणीचा ठरावीक उंबरठा लागत नाही, ही या पद्धतीची खरी ताकद; संथ आणि वेगाने बदलणारी प्रथिने एकाच नियमाने पकडता येतात. फसते ती दोन ठिकाणी. एखाद्या वंशात मूळ जनुक हरवलेले असेल, तर त्याची जुनी दुसरी प्रत सर्वोत्तम जोडीदार म्हणून पुढे येते. आणि प्रथिनात अनेक डोमेन (स्वतंत्र कामाचे भाग) असतील, तर दोन असंबद्ध गट त्या एका प्रथिनामुळे चिकटतात. म्हणून बहुडोमेन प्रथिने कापून डोमेननिहाय पुन्हा ताडावी लागली आणि मोठे गट माणसांनी डोळ्यांनी तपासले.

या कारकिर्दीतले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण मात्र एका चुकीचे आहे. २००२ मध्ये किरा माकारोवा, कूनिन आणि सहकाऱ्यांना अनेक जीनोममध्ये शेजारी-शेजारी नांदणाऱ्या जनुकांचा एक समूह आढळला: हेलिकेज, न्यूक्लिएज (डीएनए किंवा आरएनए तोडणारे विकर) आणि पॉलिमरेजसारखे एक प्रथिन. तो उष्णताप्रेमी जीवांत जास्त दिसत होता, म्हणून ही डीएनए दुरुस्तीची यंत्रणा असावी असा अंदाज त्यांनी छापला. विकरांची ओळख बरीचशी बरोबर होती, पण हेलिकेज आणि न्यूक्लिएज डीएनए हाताळणाऱ्या कुठल्याही यंत्रणेत असतात. त्यांवरून हेतू ठरत नाही. याच जनुकांच्या शेजारी क्रिस्पर या नावाने ओळखले जाणारे, पुन्हा पुन्हा येणारे डीएनएचे तुकडे होते. त्या पुनरावृत्तींच्या मधले तुकडे जिवाणूभक्षी विषाणूंशी आणि प्लास्मिडशी (जिवाणूंतल्या सुट्या डीएनए वर्तुळांशी) जुळतात, हे २००५ मध्ये तीन गटांनी दाखवले. २००६ मध्ये कूनिन यांच्या गटाने आपला आधीचा अंदाज सोडून संपूर्ण मांडणी नव्याने केली: ही आरएनए-हस्तक्षेपासारख्या (छोट्या आरएनएने जुळणारे जनुक बंद पाडण्याच्या) तत्त्वावर चालणारी, पूर्वीच्या हल्ल्याची आठवण ठेवणारी प्रतिकारशक्ती आहे. २००७ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जिवाणूवरील प्रयोगाने ती सिद्ध झाली. तरी एक तपशील चुकलाच होता. लक्ष्य विषाणूचा संदेशवाहक आरएनए असेल असे त्यांनी धरले होते. २००८ मध्ये डीएनए हे लक्ष्य असल्याचे दिसले. आरएनए तोडणारे प्रकारही नंतर निघाले, आणि त्यांपैकी कॅस१३ हे प्रथिन शोधण्यात याच गटाचा हात होता. क्रिस्परशेजारी सहसा सापडणारे कॅस१ हे जनुक आमिष धरून त्याच्या शेजारी एखादे मोठे, अनोळखी प्रथिन आहे का, हे जीनोममागून जीनोम पाहत जाण्याची ती पद्धत.

विषाणूंकडे ते पुन्हा पुन्हा परतले. २००१ मध्ये देवीच्या विषाणूसह मोठ्या डीएनए विषाणूंच्या चार कुळांत ९ जनुके सामाईक असल्याचे लक्ष्मीनारायण अय्यर, एल. अरविंद आणि कूनिन यांनी दाखवले आणि त्यांना एकाच वंशात बसवले. मिमिव्हायरस हा महाकाय विषाणू त्यानंतर दोन वर्षांनी ओळखला गेला, आणि तोही याच वंशात आला.

सर्व विषाणूंत सामाईक असे एकही जनुक नाही, त्यामुळे त्यांची एक वंशावळ काढता येत नाही. पॉलिमरेज, कवचाचे प्रथिन अशी थोडी खुणेची जनुके धरूनच काम करावे लागते. २०१८ मध्ये युरी वुल्फ, कूनिन आणि सहकाऱ्यांनी आरएनए विषाणूंच्या ४,६१७ पॉलिमरेज क्रमांवरून पाच शाखांचे झाड काढले. त्या शाखांवर आधारलेले पाच संघ (वर्गीकरणातले मोठे गट, फायलम) पुढे आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समितीने स्वीकारले. एडवर्ड होम्स आणि सेबास्टियन दुशेन यांनी लगेच आक्षेप घेतला: इतक्या दूरच्या क्रमांत जुळणीवर विश्वास ठेवावा असे स्तंभ (जुळवलेल्या क्रमांतल्या समोरासमोरच्या जागा) फारच थोडे उरतात, आणि त्यांवर उभ्या केलेल्या सर्वांत खोल फांद्या स्थिर नसतात. आक्षेपात तथ्य आहे. शाखांच्या आतले गट बऱ्यापैकी पक्के आहेत. शाखा एकमेकींशी कुठे जोडायच्या, ते जतन झालेल्या मोजक्या तुकड्यांवरच ठरते, आणि पोलिओत ग्लायसीन तर करोनात सेरीन असलेला तो तुकडा त्यांतलाच एक.