विक्रमी दीर्घ उड्डाणे आणि नागपूर

विक्रमी दीर्घ उड्डाणे : एका खंडातून दुसऱ्या खंडात कमीत कमी वेळात, किंवा एकट्याने, विमान नेऊन दाखवण्याचे प्रयत्न. त्यांचा बहर दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांतला. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया ही त्यातली सर्वांत मानाची वाट आणि तिचा मोठा टप्पा भारतावरून जाई. नागपूर देशाच्या मध्यावर. शहरालगतच्या सोनेगावला पहिल्या महायुद्धाच्या काळापासून विमानतळ. तरीही हे वैमानिक नागपूरच्या उत्तरेनेच निघून जात.

कारण साधे होते. विक्रमवीराला नकाशाच्या मध्याशी देणेघेणे नसे; त्याला पुढच्या मुक्कामी पेट्रोल हवे असे आणि इंजिन बंद पडलेच तर उतरायला सपाट रान. कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता या मार्गावर दोन्ही मिळे, शिवाय खाली नदी आणि रेल्वे वाट दाखवत. सातपुड्याच्या जंगलावरून जाण्याचा धोका कोण पत्करणार? रॉस आणि कीथ स्मिथ हे बंधू १९१९ साली व्हिकर्स व्हिमी विमानाने याच बाजूने ऑस्ट्रेलियाला गेले. लंडनहून डार्विन गाठायला त्यांना तीस दिवसांहून कमी वेळ लागला. मे १९३० मध्ये इंग्रज वैमानिक एमी जॉन्सन ‘जेसन’ नावाच्या जिप्सी मॉथ जातीच्या छोट्या विमानातून एकटी निघाली आणि सहा दिवसांत कराचीला पोचली. पुढे अलाहाबादपर्यंत पेट्रोल पुरेना, तेव्हा तिने झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर विमान उतरवले. २४ मे रोजी ती डार्विनला पोचली. याच वाटेवरचा बर्ट हिंक्लर या वैमानिकाचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम काही मोडला नाही, पण इतक्या दूर एकटी गेलेली पहिली स्त्री म्हणून नाव तिचेच झाले.

नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते त्या मध्यप्रांताचा या इतिहासात शिरकाव झाला तो एका फसलेल्या उड्डाणामुळे. ऑक्टोबर १९३४ च्या लंडन–मेलबर्न शर्यतीत एमी आणि तिचा नवरा जिम मॉलिसन डी हॅविलँड कॉमेट विमानातून आघाडीवर होते. कराचीपर्यंत त्यांनी विक्रमी वेळ नोंदवली. तिथून अलाहाबादला जाताना वाट चुकली आणि ते मध्यप्रांतातल्या जबलपूरला उतरले. विमानाचे पेट्रोल तिथे नव्हते. एका बस कंपनीकडचे साधे पेट्रोल टाकीत भरावे लागले. इंजिने त्यावर चालली खरी, पण अलाहाबादला पोचेपर्यंत बिघडली आणि शर्यत तिथेच संपली. त्याच बनावटीच्या दुसऱ्या कॉमेटमधून स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक यांनी सुमारे ७१ तासांत मेलबर्न गाठले.

भारतीय वैमानिकांसाठी इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस ठेवले होते : इंग्लंड ते भारत, किंवा उलट, एकट्याने. १९३० मध्ये ते सतरा वर्षांच्या अस्पी इंजिनिअरने जिंकले. उलट दिशेने निघालेल्या जे. आर. डी. टाटांची आणि त्याची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसला होता. प्रतिस्पर्धी असूनही टाटांनी आपल्याकडचे प्लग दिले. हाच अस्पी १९६० मध्ये हवाई दलाचा प्रमुख झाला.

नागपूरचा मध्य कामी आला तो विक्रमांचा धुरळा बसल्यावर. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या पुढाकाराने ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला जमत. ही चारही शहरे नागपूरपासून हवाई अंतराने सुमारे ७०० ते १००० किलोमीटर, म्हणजे या सेवेतल्या दोन इंजिनांच्या डाकोटा विमानाला साधारण तीन-साडेतीन तासांची. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल झाली, की प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात असे. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा शुल्काविना विमानाने जाऊ लागली, त्यामुळे सामान्य माणसालाही या सेवेचा उपयोग झाला. रोज रात्री, पावसाळ्यातसुद्धा, ठरल्या वेळी चार दिशांनी येऊन उतरणे हे एकदाच केलेल्या साहसापेक्षा कमी अवघड नव्हते; त्याला करंडक तेवढा नव्हता. १२ डिसेंबर १९५३ रोजी या सेवेतले एक डाकोटा सोनेगावहून उडताच कोसळले आणि १४ पैकी १३ जण ठार झाले. लांब पल्ल्याची जेट विमाने आल्यावर मध्ये थांबण्याची गरज राहिली नाही.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या केवळ महिला वैमानिकांच्या चमूने, झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली, सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूरू हे सुमारे सतरा तासांचे उड्डाण उत्तर ध्रुवावरून थेट केले. विमान बोइंग ७७७ जातीचे होते. या जातीच्या विमानांची देखभाल आता सोनेगाव विमानतळाला लागून असलेल्या मिहान या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पात होते.