भूकंप जिल्ह्यागणिक, पूर फुटागणिक

घर घेण्याआधी त्या जागेला भूकंपाचा आणि पुराचा धोका किती, हे वेगवेगळ्या मापांनी पाहावं लागतं. १९९३ पूर्वी लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ६.२ रिश्टरचा धक्का बसला आणि दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवरचं माळवदाचं ओझं झोपलेल्यांवर कोसळलं. २००२ मध्ये हा भाग मध्यम धोक्याच्या झोन ३ मध्ये घेतला गेला. म्हणजे नकाशाही दुरुस्त होतो, आणि माणसं मारतं ते बहुतेकदा घर.

भूकंपाच्या बाबतीत गावं ताडून पाहणं सोपं आहे. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर झोन २ मध्ये (धक्क्याच्या जोराचा गुणांक ०.१०), मुंबई-पुणे ३ मध्ये (०.१६) आणि कोयना परिसर ४ मध्ये (०.२४) येतो. पुण्यातली इमारत कोयनेजवळ बांधायची तर तिने दीडपट आडवा जोर सोसायला हवा. तो सोसणारी इमारत बांधता येते. खर्च थोडा वाढतो, इतकंच. तळमजल्यावर भिंती न घालता नुसत्या खांबांवर उभं केलेलं पार्किंग मात्र नीट तपासून घ्या. २००१ च्या गुजरातमधल्या भूकंपात अहमदाबादेतल्या अशा इमारती पडल्या.

पुराला जिल्ह्याची सरासरी लावून काहीच कळत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. म्हणून तिथे ‘पूर येतो का’ हा प्रश्न फुकट आहे. ‘आयर्विनला किती फूट झाले की या गल्लीत पाणी येतं’ हे विचारा, तेही एजंटला नको, कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला. मग पाटबंधारे खात्याच्या पूररेषा पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून निर्धास्त होऊ नका. दर वर्षी शक्यता १ टक्का धरली, तर २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के भरते. निळ्या रेषेवर हाच आकडा ५६ टक्के.

कोकणात डोंगरउतारावर प्लॉट असेल तर दरडीचा धोका ओळखायला पायथा खोदून सपाट केलाय का, वरच्या जमिनीला भेगा आहेत का, झाडं कललीत का, हे भर पावसाळ्यात जाऊन पाहा.

वरच्या मजल्याचा फ्लॅट कोरडा राहतो, हे खरं. पण पाण्याचा पंप, मीटर आणि जनरेटर कुठे बसवलेत? तळघरात असतील, तर पूर ओसरल्यावरही पाण्याच्या बादल्या जिन्यानेच वर न्याव्या लागतील.