हुला: गवती घागरा आणि कंबरेचा गैरसमज

हवाईचा हुला नाच म्हणजे गवती घागरा घालून कंबर हलवणं, हा समज फार जुना. घागरा मुळात तिथला नाहीच; एकोणिसाव्या शतकात तो प्रशांत महासागरातल्याच गिल्बर्ट बेटांवरच्या मजुरांबरोबर आला. हवाईचे लोक सालीचं कापड नेसत. आणि नाच चालतो तो ‘मेले’वर, म्हणजे देवता, वंशावळी, ठिकाणं सांगणाऱ्या काव्यावर, हात त्याचा अर्थ दाखवतात.

मग कंबर? काहोलो ही हुलातली पायांची एक चाल घ्या: उजवं पाऊल बाजूला, डावं जवळ, पुन्हा उजवं, डावं नुसतं टेकवायचं, मग तसंच डावीकडे. गुडघे वाकलेले, खांदे स्थिर. भार बदलला की कंबर आपोआप हलते. नवशिके गुडघे ताठ ठेवून ती मुद्दाम हलवतात. खांदे डोलतात, हातांचा अर्थ विस्कटतो.

१८३० मध्ये काआहुमानू राणीने बंदी घातलेला हा नाच कालाकाऊआ राजाने १८८३ च्या राज्याभिषेक सोहळ्यात उघडपणे करवला.