डोकं तेच, छप्पर वेगळं

दहावीचा रिझल्ट लागला की हमखास ऐकू येतं, "त्याच्यात डोकंच नाही हो". आणि बहुतेक वेळा हे बोललं जातं ते मजुरी करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या घरच्या पोरांबद्दल. मला हे अजिबात पटत नाही, कारण प्रयोग काही वेगळंच सांगतात.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली, वाट शोधत बाहेर पडायची तसली, आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्याचे पैसे. जात कोणी काढलीच नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. दुसऱ्या गटात सुरुवातीलाच सगळ्यांसमोर प्रत्येकाची जात वाचून दाखवली, बस, तेवढ्यानं दलित मुलं स्पष्ट मागे पडली.

आता आपल्या नागपूरचं बघा. इथं ऊन इतकं की विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, पण वार्षिक परीक्षेच्या अभ्यासाचे दिवस नेमके मार्च-एप्रिलचेच. कोणाकडे एसीची खोली, तर कोणाकडे टिनाखाली एकच खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच टीव्ही, त्यातच लहान भावंडं, दुपारी तिथं बसवत नाही आणि रात्री लाइट गेली की कूलरही बंद, मग झोप कसली. 2016 च्या उन्हाळ्यात बॉस्टनमधे कॉलेजच्या होस्टेलवरच्या 44 तरुणांची रोज सकाळी उठल्याउठल्या मोबाइलवर टेस्ट घेतली, तेव्हा उष्णतेच्या लाटेत बिनएसी खोलीत झोपलेल्यांना एका टेस्टमधे उत्तर द्यायला सुमारे 13 टक्के जास्त वेळ लागला. ही तर धडधाकट, खातीपिती मुलं होती! अमेरिकेतल्याच शाळांवर 2020 मधे आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की जिथं एसी नाही तिथं वर्ष फक्त एक अंश फॅरेनहाइटनं जास्त गरम गेलं तरी त्या वर्षीचं शिकणं साधारण 1 टक्क्यानं कमी होतं, आणि गरीब मुलांचं नुकसान जास्त.

म्हणजे मार्कशीटवर पोराच्या डोक्यासोबत त्याचं छप्परही मोजलं जातं, आणि आपण ते सगळं डोक्याच्या नावावर टाकून मोकळे होतो.

परीक्षा काय विचारते हाही प्रश्न आहेच. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या टीमनं कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं तपासली, तो अभ्यास 2025 मधे आला, ती मुलं तोंडी मोठमोठे हिशोब पटापट करायची, पण तशीच गणितं शाळेच्या पद्धतीनं कागदावर आली की अडायची. आपल्या कॉटन मार्केटमधे आईसोबत भाजी विकणारं एखादं पोर पावणेदोन किलोचा भाव क्षणात सांगत असेल आणि वर्गात अपूर्णांकात नापास होत असेल, तर शिक्षकांनी त्याला एकदा तोंडी विचारून बघायलाच पाहिजे, आणि तिथून त्याला वहीपर्यंत आणायला पाहिजे. वर्षानुवर्षं "ढ" म्हणून मागच्या बाकावर बसवलेली अशी किती पोरं असतील.