चाउडरमध्ये दूध कधी आलं, मका कधी आला

माशांच्या सूपमध्ये दूध घालतात म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासे आणि दूध एकत्र? प्रश्न उगाच आलेला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 26व्या अध्यायात, विरुद्ध आहाराची जी उदाहरणं दिली आहेत त्यांत मासे-दुधाची जोडी आहे. दोन्ही मधुर, पण एक उष्ण आणि दुसरं शीत, म्हणून एकत्र घेऊ नये, असं तिथे सांगितलं आहे. पुष्कळ घरांत हा नियम आजही पाळतात. त्यामुळे अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातलं सी-फूड आणि मक्याचं चाउडर, म्हणजे बटाटे, मक्याचे दाणे, कोलंबी, शिंपल्या आणि माशाचे तुकडे घातलेलं दाट पांढरं सूप, करून बघावंसं वाटलं तरी दुधापाशी हात अडतो.

म्हणूनच या पदार्थाची पार्श्वभूमी जाणून घ्यावी असं मला वाटतं. चाउडरच्या सुरुवातीच्या पाककृतींत दुधाचा पत्ता नाही. मक्याचाही नाही. आज ज्या दोन गोष्टींवरून आपण हे सूप ओळखतो, त्या दोन्ही त्यात उशिरा आल्या.

23 सप्टेंबर 1751 रोजी ‘बॉस्टन ईव्हनिंग पोस्ट’ या वर्तमानपत्रात एक छोटी यमकबद्ध कविता छापून आली. अमेरिकेत छापलेली चाउडरची सर्वांत जुनी ज्ञात कृती ती हीच. कवितेतला क्रम मोठा विचारपूर्वक लावलेला आहे. तळाला कांदे, म्हणजे वरचं डुकराचं खारवलेलं मांस करपणार नाही, कारण चाउडर एकदा लावलं की ढवळता येत नाही. त्यावर त्या मांसाचे पातळ काप. मग आडवे कापलेले माशाचे तुकडे, मीठ, मिरी, मसाला, पार्स्ली, थाइम आणि आणखी दोन सुवासिक पाले. वर भिजवलेली बिस्किटं. मग पुन्हा तेच थर, पुन्हा तेच. असे कितीही थर चढवा, हजार माणसांचं जेवण होईल, असं कविता सांगते. शेवटी बाटलीभर तांबडी वाइन आणि सगळं बुडेल इतकं पाणी.

ही कृती नीट वाचली की तिच्यामागचं जहाज दिसायला लागतं. यातलं काय काय महिनोन्‌महिने टिकतं? खारवलेलं मांस, बिस्किट, कांदा, वाइन. ताजा फक्त मासा, आणि तो समुद्रातून तिथल्या तिथे मिळणारा. जहाजावरचं बिस्किट म्हणजे आपल्या चहासोबतचं बिस्किट नव्हे. पीठ, पाणी आणि असलं तर मीठ, एवढ्यावर भाजून खडखडीत वाळवलेली ती जाड चकती. तशीच चावायला गेलं तर दात दुखावेत इतकी कडक, पण कोरडी ठेवली तर वर्षभरही टिकणारी. थरांमध्ये ती माशाचा रस आणि मांसाची चरबी शोषून फुगते, विरघळते आणि सगळं दाट करते. चाउडरचा दाटपणा मुळात या बिस्किटाचा आहे, सायीचा नाही.

आजच्या कॅनडाच्या पूर्वेला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावर तर हे गरिबांचं रोजचं अन्न होतं. पुढे कॅप्टन कुकबरोबर जगप्रवासाला गेलेला वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स 1766 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिथे गेला होता. त्याने रोजनिशीत चाउडरची नोंद केली आहे: थोडंसं खारवलेलं मांस, भरपूर मासे आणि बिस्किट, तासभर उकळलेलं. इथल्या गोरगरिबांचं हे मुख्य अन्न असलं तरी चांगलं जमलं तर इंग्लंडातल्या श्रीमंतांनाही आवडावं, असं मतही त्याने दिलं आहे. ही मासेमारी त्या वेळी अडीचशे वर्षांहून जुनी होती. बास्क, ब्रेटन, पोर्तुगीज, इंग्रज असे सगळे सोळाव्या शतकापासून त्या थंड पाण्यात कॉड धरायला जात होते. मासा खारवून, वाळवून युरोपात नेत. पोर्तुगालचा बाकाल्याव तो हाच खारा कॉड, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांच्या स्वयंपाकात तो पोर्तुगीजांमार्फतच आला.

बटाट्याची वाट वेगळी. 1719 मध्ये आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेले स्कॉटिश वंशाचे लोक न्यू हॅम्पशरमधल्या लंडनडेरी इथे स्थायिक झाले आणि त्यांनी तिथे बटाटा लावला. चाउडरच्या भांड्यात शिरायला मात्र त्याला बरीच वर्षं लागली. लिडिया मारिया चाइल्ड यांच्या काटकसरीच्या गृहिणींसाठीच्या पुस्तकात, 1829 साली, बटाटा आणि बिस्किट एकाच थरात दिसतात. चार-पाच माणसांना चार पौंड मासा, खारवलेल्या मांसाचे सहाएक काप, सहा बिस्किटं, आणि चार पेन्सच्या नाण्याइतक्या पातळ बटाट्याच्या चकत्या. वरून पिठाचं पाणी. हवं तर लिंबाची चकती, टोमॅटो केचप, कपभर बिअर, थोड्या शिंपल्या. झाकण असं घट्ट की वाफेचा कणही बाहेर जाऊ नये. जवळजवळ शिजेपर्यंत झाकण उघडायचं नाही, असंही त्यांनी बजावलं आहे. इतके पर्याय सांगितले, पण दूध त्यांत कुठेच नाही.

1851 सालच्या ‘मोबी-डिक’ या कादंबरीत हर्मन मेलव्हिलने एक अख्खं प्रकरण चाउडरला दिलं आहे. नँटकेट बेटावरच्या खाणावळीत रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ शिंपल्यांचं नाहीतर कॉडचं चाउडरच मिळतं. शिंपल्या अगदी छोट्या आणि रसाळ. सोबत कुटलेलं जहाजी बिस्किट, खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे, लोणी, मीठ आणि सढळ हाताने मिरी. इथे लोणी आलं, दूध अजून नाहीच.

दूध आलं ते त्यानंतरच्या काही दशकांत, चाउडर जहाजावरून आणि चुलीवरून शहरातल्या शेगडीवर आल्यावर. गवळ्याचं दूध रोज दारात यायला लागलं, पाककलेच्या शाळा निघाल्या, मापाच्या वाट्या-चमचे आले. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर यांचं 1896 सालचं पुस्तक उघडलं की आजचं चाउडर ओळखू येतं. त्यातल्या माशाच्या चाउडरला चार पौंड कॉड किंवा हॅडक, सहा कप बटाटे, एक कांदा, दीड इंचाचा चरबीदार खाऱ्या मांसाचा चौकोन, तीन मोठे चमचे लोणी, चार कप गरम केलेलं दूध आणि आठ बिस्किटं. थर गेले; आता आधी चरबी वितळवायची, तिच्यात कांदा परतायचा, बटाटे शिजवायचे, मग मासा, शेवटी दूध.

त्याच पुस्तकात मक्याचं चाउडरही आहे. तिथेही तेवढाच मांसाचा चौकोन, एक कांदा, चार कप दूध, तीन चमचे लोणी, आठ बिस्किटं. बटाटे चार कप. आणि माशाच्या जागी एक डबा मका. दोन्ही कृती शेजारी ठेवल्या की मक्याचं चाउडर कसं जन्मलं हे वेगळं सांगावं लागत नाही. समुद्रापासून लांबच्या घरात, कडाक्याच्या थंडीत, मासा नसेल तेव्हा फळीवरचा डबा काढायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं.

पण हा मका डब्यात कसा आला? मका मुळात मेक्सिकोचा. सुमारे 9,000 वर्षांपूर्वी नैऋत्य मेक्सिकोत तेओसिंते नावाच्या गवतापासून तो तयार झाला आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत न्यू इंग्लंडला पोहोचला. तिथले वांपानोआग आणि नॅरॅगॅन्सेट लोक मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत. मका आणि घेवडा एकत्र शिजवूनही खात. 1620 साली प्लिमथला उतरलेल्या इंग्रजांचे पहिल्या हिवाळ्यात अतोनात हाल झाले, निम्मी माणसं दगावली. पुढच्या वसंतात टिस्क्वांटम नावाच्या वांपानोआग माणसाने त्यांना मका लावायला शिकवलं. या जुन्या जमिनीत मासे पुरले नाहीत तर पीक येणार नाही, हे त्याचंच सांगणं. त्या वर्षी त्यांनी सुमारे 20 एकर मका लावला आणि हेरिंगच्या जातीचे मासे खत म्हणून घातले. एकाच भांड्यात येण्याच्या कितीतरी आधी मासा आणि मका तिथल्या शेतात एकत्र आले होते. चाउडरच्या इतिहासात बॉस्टनच्या पुस्तकांना मान मिळतो, या माणसांना क्वचितच. मला हे खटकतं. कारण मका त्यांनी दिला नसता तर तो डबाही भरला नसता.

तो मका मात्र कडक दाण्याचा, दळायचा आणि साठवायचा. गोड मका वेगळा. त्याच्या दाण्यात साखरेचं पिठात रूपांतर सावकाश होतं. पण कणीस तोडलं की साखर झपाट्याने कमी व्हायला लागते, म्हणून तो जितक्या लवकर शिजवाल तितका गोड. वर्षभर गोड मका खायचा तर डब्यात भरणं हाच उपाय होता. मेन राज्यातल्या आयझॅक विन्स्लोने 1840च्या दशकापासून यासाठी खटाटोप केला आणि 1862 मध्ये त्याला पेटंट मिळालं. मेनमध्ये मक्याचे कारखाने उभे राहिले. तरी डबे फुगायचे, मका आंबायचा, आणि का ते कोणालाच नीट कळत नव्हतं.

त्याचं उत्तर शिंपल्यांनी दिलं. 1895च्या सुमारास बॉस्टनचे डबेवाले विल्यम लायमन अंडरवूड आपल्या कारखान्यातले शिंपल्यांचे फुगलेले डबे घेऊन तिथल्याच एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले सॅम्युएल केट प्रेस्कॉट यांच्याकडे गेले. दोघांना आढळलं की काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली सुमारे 121 अंश सेल्सिअस तापमानाला 10 मिनिटं डबा तापवावा लागतो. मग हाच अभ्यास त्यांनी मेनमधल्या आंबलेल्या मक्यावर केला आणि तिथेही तेच निघालं. डबाबंद अन्नाचं आजचं शास्त्र या कामावर उभं आहे. आणि त्याच्या सुरुवातीच्या विषयांत कोण, तर शिंपल्या आणि मका!

टोमॅटोचं भांडण थोडक्यात. न्यू यॉर्ककडच्या चाउडरमध्ये दुधाऐवजी टोमॅटो असतो. न्यू इंग्लंडवाल्यांना ते इतकं झोंबतं की 1939 मध्ये मेनच्या विधिमंडळात क्लीव्हलँड स्लीपर या सदस्याने शिंपल्यांच्या चाउडरमध्ये टोमॅटो घालायला बंदी करणारं विधेयक मांडलं. कायदा काही झाला नाही. ऱ्होड आयलंडचे लोक दोन्ही सोडून नितळ रस्सा करतात, जो मला जुन्या जहाजी चाउडरच्या सर्वांत जवळचा वाटतो.

आजच्या चाउडरमध्ये एकाच माशाऐवजी कोलंबी, शिंपल्या, स्कॅलप, खेकडा असं सगळं का असतं, याचं एक कारण दुःखद आहे. ज्या कॉडवर हा सगळा पसारा उभा होता, तो संपत आला. कॅनडा सरकारने 2 जुलै 1992 रोजी न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी थांबवली. सुमारे 30,000 लोकांचा रोजगार गेला. 1994 मध्ये अमेरिकेने न्यू इंग्लंडसमोरच्या समुद्रातल्या जॉर्जेस बँक या उथळ भागातली मोठी क्षेत्रं मासेमारीसाठी बंद केली. मेनच्या आखातातली थंड पाण्याची कोलंबीही 2014च्या हंगामापासून बंद आहे. आता भांड्यात जातं ते उरलेलं, बाहेरून आलेलं किंवा मत्स्यशेतीत वाढवलेलं.

घरी करताना या इतिहासातला बराचसा भाग थेट उपयोगी पडतो. डुकराचं मांस खात नसाल तर मेलव्हिलचं लोणी आहेच. लोण्यात कांदा मऊ करायचा, तांबूस होऊ द्यायचा नाही. चार जणांसाठी तीन मध्यम बटाट्यांच्या फोडी आणि दोन मोठ्या कणसांचे दाणे पुरतात. दाणे काढल्यावर कणसाचे बुरकुंडे फेकू नका. बटाट्यांबरोबर पाण्यात उकळा, गोडवा रश्शात उतरतो, मग काढून टाका. तिसऱ्या, म्हणजे आपल्याकडच्या शिंपल्या, वेगळ्या वाफवायच्या आणि त्यांचं सुटलेलं पाणी वाळू खाली बसल्यावर कापडातून गाळून रश्शात घालायचं. त्याला स्वतःचं मीठ असतं, म्हणून मीठ शेवटी. रावस किंवा घोळीचे मोठे तुकडे बटाटे शिजल्यावरच घालायचे. कोलंबी अगदी शेवटी, दोन-तीन मिनिटं; जास्त शिजली की रबरासारखी होते. डावेने फार ढवळायचं नाही, हा 1751चा नियम इथेही लागू, नाहीतर माशाचा चुरा होतो.

दूध घालायचं असेल तर वेगळं गरम करून, आच मंद केल्यावर, आणि नंतर उकळी येऊ द्यायची नाही. लिंबू किंवा टोमॅटो असेल तर दूध फाटू शकतं. आणि दूध नकोच असेल तर घालू नका. थोडे बटाटे रश्शातच ठेचा, वर खारी नसलेली साधी कडक बिस्किटं किंवा टोस्ट कुस्करून घाला. नारळाचं पातळ दूध घातलं तर चव कोकणाकडे झुकते, आणि मला ती आवडते. पण घरच्यांना दुधाआधीच्या जुन्या वळणाचं चाउडर म्हणून वाढायचं असेल तर नारळही नको: लोणी, कांदा, बटाटा, मासा, बिस्किट आणि भरपूर मिरी.