हेन्लेच्या पाशातलं मॅग्नेशियम

इंदूरच्या लालबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या मॅग्नेशियमचं वारं आहे. एका काकूंच्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायचे. त्यांना मोबाइलवर सल्ला आला: गरम पाण्यात एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून पाय बुडवा, मॅग्नेशियम कातडीतून आत जातं आणि ‘विषारी द्रव्यं’ बाहेर पडतात. मग मॅग्नेशियमच्या औषधी गोळ्यांची बाटलीही आली. चार दिवसांत जुलाब सुरू झाले. काकूंनी मला विचारलं, “अहो, माझा रक्ताचा रिपोर्ट तर नॉर्मल होता. मग कमी आहे की नाही?”

आधी त्या पाण्याविषयी. गरम पाण्याने पोटऱ्या सैल पडतात, बरं वाटतं, हे खरं. पण मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे धन विद्युतभार असलेला अणू, पाण्यात एकटा नसतो. पाण्याचे सहा रेणू तो घट्ट धरून ठेवतो. नुसता आयन कॅल्शियमपेक्षा लहान, पण पाण्यासकट मोजला तर मोठा. एवढा लवाजमा घेऊन तो धडधाकट कातडीतून पुरेशा प्रमाणात आत जातो, याला भक्कम पुरावा नाही. आणि पायांतून विष ओढून काढणारं मीठ कुठलंच नसतं. असल्या संदेशांचा मला मनापासून राग येतो, कारण ते वाचून माणसं खरी तपासणी पुढे ढकलतात.

मॅग्नेशियम शरीरात येतं ते पोटातून. ज्वारी-बाजरी, शेंगदाणे, तीळ, डाळी आणि हिरव्या पालेभाज्या यांत ते भरपूर असतं. पानांचा हिरवेपणा ज्या हरितद्रव्यामुळे येतो, त्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमच बसलेलं असतं. थोडं पाण्यातूनही मिळतं. माळव्याचं पठार बेसाल्टचं, त्यामुळे इकडच्या बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. त्या जडपणात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमचाही वाटा असतो. आरओ मशीन ते काढून टाकतं.

खाल्लेल्यापैकी साधारण 30 ते 40 टक्केच शोषलं जातं, तेही बहुतेक लहान आतड्यात, पेशींमधल्या फटींतून. आहारात कमी असेल तर शोषणाचं प्रमाण वाढतं. एकदम मोठा डोस घेतला तर उरलेलं आतड्यातच राहतं आणि पाणी खेचून धरतं. काकूंचे जुलाब त्यातले.

प्रौढ माणसाच्या अंगात मिळून सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. निम्म्याहून अधिक हाडांत, बाकीचं बरंचसं स्नायूंत आणि इतर पेशींत. तिथे ते एटीपीला, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूला, चिकटून काम करतं. मॅग्नेशियम नसेल तर एटीपीची ऊर्जा बहुतेक एन्झाइमांना वापरताच येत नाही. रक्तात मात्र एकूण साठ्याच्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणून रक्तातला आकडा ठीक दिसला तरी साठा भरलेला असेलच असं नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येतो: मूत्रपिंड. रोज सुमारे 2400 मिलिग्रॅम मॅग्नेशियम रक्तातून गाळून मूत्रपिंडाच्या नलिकांत येतं आणि लघवीतून जातं ते अवघं 100 मिलिग्रॅमच्या आसपास. बाकीचं सगळं परत घेतलं जातं. सोडियमचा मोठा भाग नलिकेच्या सुरुवातीलाच परत घेतला जातो, पण मॅग्नेशियमचं मुख्य ठिकाण पुढे आहे: हेन्लेच्या पाशाची, म्हणजे नलिकेच्या खाली जाऊन परत वर वळणाऱ्या भागाची, वर चढणारी जाड बाजू. निम्म्याहून जास्त मॅग्नेशियम तिथेच परत येतं, आणि ते ढकलायला वेगळा पंपही नसतो.

तिथल्या पेशी नलिकेतून एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड एकत्र आत घेतात. प्रभारांची बेरीज शून्य. पण पोटॅशियम लगेच दुसऱ्या वाटेने नलिकेत परत गळतं, आणि क्लोराइड पलीकडे रक्ताच्या बाजूला जातं. त्यामुळे नलिकेची आतली बाजू काही मिलिव्होल्टने धन होते. धन प्रभार मॅग्नेशियमच्या धन आयनाला दूर लोटतो. तो जातो दोन पेशींमधल्या फटीतून, आणि ती फट क्लॉडिन-16 व क्लॉडिन-19 ही प्रथिनं सांभाळतात. क्लॉडिन-16 चा शोध 1999 मध्ये लागला, तोही अशा कुटुंबांमुळे ज्यांच्यात लघवीतून मॅग्नेशियम आणि कॅल्शियम वाहून जात होतं. पाशातून सुटलेलं मॅग्नेशियम पुढच्या तुकड्यात टीआरपीएम-6 नावाची वाहिनी टिपते. त्यानंतर परतीची वाट नाही. रक्तात मॅग्नेशियम वाढलं तर पाशातल्या पेशींवरचा कॅल्शियम ओळखणारा ग्राहीच (संवेदक प्रथिन) तेही ओळखतो आणि परत घेणं कमी करतो.

हे समजलं की औषधांचा उलगडा होतो. पायाच्या सुजेसाठी दिली जाणारी फ्युरोसेमाइड ही ‘पाण्याची गोळी’ नेमका तो सोडियम-पोटॅशियम-क्लोराइडचा वाहक बंद करते. वाहक बंद, तर धन प्रभार नाही, आणि मॅग्नेशियम लघवीत वाहून जातं. ॲसिडिटीच्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी रक्तातलं मॅग्नेशियम घसरू शकतं. तसा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2011 मध्ये दिला आहे. तिथे गडबड मूत्रपिंडात नसून आतड्यातल्या शोषणात असावी, असं मानलं जातं.

रक्तात कमी आढळलं तर चोवीस तासांची लघवी तपासतात. लघवीत तरीही भरपूर जात असेल तर गळती मूत्रपिंडातून आहे. अगदी थोडं असेल तर मूत्रपिंड जपून वापरतंय आणि दोष आहारात किंवा आतड्यात आहे. उलट ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्यांना जादा मॅग्नेशियम बाहेर टाकता येत नाही आणि ते साठून हृदयाचे ठोके मंदावू शकतात. अशांनी डॉक्टरांना न विचारता गोळ्या घेऊच नयेत. वयस्कर माणसांच्या पायांत जे गोळे येतात, त्यांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही, असंच 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात) दिसलं आहे.

काकू कित्येक वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतात, हे मला परवा बाकावर बसल्यावर कळलं. मॅग्नेशियमची बाटली त्यांनी कपाटात ठेवून दिली आहे, आणि सोमवारी डॉक्टरांकडे जाताना ॲसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पट्टी सोबत नेणार आहेत.