लाइनवरचं काम आणि डेपोतलं काम: गल्लत नेमकी कुठे होते

लढाऊ विमान परक्या तळावर अडकून पडलं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "एवढे इंजिनिअर गेले, तरी दुरुस्त होईना?" हे एक. "आपला एखादा मेकॅनिक असता तर जुगाड करून उडवलं असतं," हे दुसरं. २०२५ च्या जून-जुलैमध्ये तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर ब्रिटिशांचं एफ-३५बी पाच आठवड्यांहून जास्त उभं होतं. त्या काळात ही दोन्ही वाक्यं वाचून वाचून मी वैतागलो. दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: मोहिमेवर गेलेली मेंटेनन्सची टोळी म्हणजे डेपोचीच, म्हणजे विमान पार खोलून दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेचीच, छोटी शाखा, कामं तीच, फक्त माणसं कमी आणि सामान थोडं. तसं नसतं. ही दोन वेगळी कामं आहेत.

डेपोचं काम निदान महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. नाशिकजवळच्या ओझरचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. विमान आलं की ते पार खोललं जातं, प्रत्येक भाग तपासला जातो, झिजलेलं बदललं जातं, भेगा शोधल्या जातात, वायरिंग पाहिलं जातं, पुन्हा जोडणी होते, चाचणी उड्डाणं होतात आणि मगच विमान स्क्वाड्रनकडे परत जातं. याला महिनोन्‌महिने लागतात. एवढ्यावर तो विषय संपला.

जाता जाता एक दुरुस्ती मात्र करतोच. ओझरला दोन संस्था आहेत आणि बातम्यांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. ११ बेस रिपेअर डेपो हा वायुसेनेचा स्वतःचा, नागपूरच्या मेंटेनन्स कमांडच्या हाताखालचा. स्वतः ओव्हरहॉल केलेलं, म्हणजे पार खोलून नव्यासारखं केलेलं, पहिलं सुखोई-३० एमकेआय या डेपोनं २०१८ साली स्क्वाड्रनच्या हवाली केलं. हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही सरकारी कंपनी. तिनं ओझरला मिग-२१ पासून सुखोईपर्यंत विमानं बांधली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथूनच तेजस मार्क-१ए उडवलं. एक गणवेशातली संस्था, दुसरी कारखाना. शेजारी असल्या तरी त्यांना एक म्हणू नये.

आता लाइन. टार्मॅकवर, ब्लास्ट पेनमध्ये (स्फोटापासून आडोसा देणाऱ्या भिंतींच्या आत) किंवा जहाजाच्या डेकवर विमान उभं असतं ती जागा म्हणजे लाइन. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी तपासणी होते, दोन उड्डाणांच्या मधे टर्नराउंड, म्हणजे पुढच्या उड्डाणाची झटपट तयारी, होतं आणि शेवटच्या उड्डाणानंतर पुन्हा तपासणी होते. टायरवर कापल्याच्या खुणा आहेत का, ब्रेक किती झिजलेत, तेलाची पातळी, हायड्रॉलिकचा (दाबाखालच्या तेलावर चालणाऱ्या यंत्रणेचा) दाब, ऑक्सिजन, पॅनेलचा एखादा स्क्रू सैल झालाय का, पोटाखाली ओल दिसते का, हे सगळं पाहायचं. टॉर्च घेऊन इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या तोंडात, डोकावायचं. इजेक्शन सीटच्या पिना ठरलेल्या वेळी घालायच्या, ठरलेल्या वेळी काढायच्या. इंधन भरायचं, शस्त्रं चढवायची. वैमानिकानं उतरल्यावर फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, स्नॅग (बिघाड) लिहिला असेल तर तो निकालात काढायचा. एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकलवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, वेपनवाला, प्रत्येकाची सही वेगळी. शेवटी वैमानिक सही करून विमान ताब्यात घेतो.

याला "सर्व्हिसिंग" म्हणतात आणि त्या शब्दानं लोकांच्या डोळ्यासमोर मोटारसायकलची सर्व्हिसिंग येते: तेल बदललं, धुतली, दिली. ही तुलना मनातून काढून टाका. मोटारसायकल रस्त्यात बंद पडली तर ती बाजूला घेता येते.

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं की लाइन आणि डेपो यांत फरक हुशारीचा आहे, म्हणजे लाइनवर साधे फिटर आणि डेपोत तज्ज्ञ. त्यातल्या त्यात जाणकार म्हणवणाऱ्यांना वाटतं की फरक कामाच्या आकाराचा आहे: छोटं काम लाइनवर, मोठं डेपोत. हा दुसरा समज जास्त घातक, कारण तो पटण्यासारखा आहे. म्हणून उदाहरण घेऊ. लढाऊ विमानाचं अख्खं इंजिन बदलायचं असेल तर ते स्क्वाड्रनच्या तळावरच बदलतात. जुनं बाहेर ओढतात, नवं आत सरकवतात, जोडण्या करतात, जमिनीवर चालवून पाहतात. केवढं मोठं काम! आणि पंखाच्या आतल्या मुख्य तुळईवर बोटभर लांबीची भेग सापडली तर? तिला लाइनवर कोणी हातसुद्धा लावत नाही. ती मोजतात, नोंदवतात आणि विमान जमिनीवर ठेवतात. आकारानं पाहिलं तर हिशेब उलटा दिसतो.

हिशेब असतो अधिकाराचा, आणि अधिकार कशावरून ठरतो तर काम झाल्यावर ते बरोबर झालंय हे त्या जागी सिद्ध करता येतं का, यावरून. इंजिन बदलल्यावर ते चालवून, गळती पाहून, आकडे पुस्तकाशी ताडून सिद्ध करता येतं. भेगेच्या जागी लावलेला जोड पुढचे शेकडो तास टिकेल का, हे टार्मॅकवर सिद्ध करण्याची सोय नसते. रडारमधला एखादा डबा बिघडला तर तो काढून दुसरा बसवतात, यंत्रणेची स्वतःची चाचणी चालवतात, ती पास झाली की सही करतात. पण तोच डबा उघडून आतलं जळलेलं कार्ड बदलणं लाइनवर चालत नाही. ते करायला त्या डब्याची चाचणी-बेंच लागते आणि ती मागे डेपोत किंवा कारखान्यात असते. डबा उघडण्याइतकं कसब लाइनवरच्या माणसाकडे पुष्कळदा असतं. तो उघडत नाही, कारण उघडल्यानंतर त्या डब्याच्या अवस्थेबद्दल कोणालाच छातीठोकपणे बोलता येणार नाही.

त्यामुळे स्नॅग आला की लाइनवरच्या टोळीपुढे वाटा मोजक्या असतात. भाग काढायचा आणि चांगला बसवायचा. किंवा दोष पुस्तकात दिलेल्या मर्यादेत असेल तर तो नोंदवून, लागू असतील ती बंधनं घालून पुढे ढकलायचा. किंवा विमान उडू द्यायचं नाही. मधल्या वाटेबद्दल बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. मोहिमेवर रोजचा कस लागतो तो तिथेच. हा दोष घेऊन आणखी चार उड्डाणं झाली तर तो वाढेल का? उद्याच्या उड्डाणात नेमकी हीच यंत्रणा लागणार आहे का? आणि सगळ्यांत छळणारा स्नॅग असतो तो हवेत दिसणारा आणि जमिनीवर गायब होणारा. अशा वेळी "जमिनीवर तपासलं, ठीक आढळलं" एवढं लिहून मोकळं होणं मला अजिबात मान्य नाही. तोच स्नॅग दुसऱ्यांदा आला तर निदान संशयाचा भाग तरी बदला.

भाग बदलायचा तर तो सोबत हवा. इथे मोहिमेचं वेगळेपण सुरू होतं. जानेवारी २०२३ मध्ये वीर गार्डियन सरावासाठी वायुसेनेची चार सुखोई-३० एमकेआय जपानच्या हयाकुरी तळावर गेली. त्यांच्यासोबत दोन सी-१७ मालवाहू विमानं आणि एक आयएल-७८ टँकर होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंडमधल्या कोब्रा वॉरियर सरावाला पाच मिराज-२००० गेली, तुकडी १४५ जणांची. चार-पाच लढाऊ विमानांमागे एवढा लवाजमा कशाला, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. हयाकुरीत सुखोईचा एकही सुटा भाग मिळणार नाही, सुखोईला जुळणारा जॅकही मिळणार नाही, म्हणून. फ्लाय-अवे किटमध्ये, म्हणजे मोहिमेवर सोबत न्यायच्या सुट्या भागांच्या आणि अवजारांच्या संचात, काय घ्यायचं ही यादी म्हणजे या कामातलं सर्वांत मोठं डोकं. पुढच्या पंधरा दिवसांत काय बिघडेल याचा अंदाज त्या यादीत असतो. टायर आणि ब्रेक तर घ्यायचेच, पण कुठला पंप, कुठली व्हॉल्व्ह, कुठला डबा? प्रत्येक विमानाच्या खोडी वेगळ्या आणि त्या माहीत असतात त्या रोज हात लावणाऱ्यालाच. यादी चांगली बनली तर मोहीम सुरळीत जाते आणि त्याची बातमी कधीच होत नाही.

आता तिरुवनंतपुरम. एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स या विमानवाहू जहाजाचं एफ-३५बी १४ जून २०२५ ला तिथे उतरलं आणि मग उड्डाणाआधी त्यात बिघाड आढळला. बातम्यांनुसार तो हायड्रॉलिक यंत्रणेतला होता. जहाजावरून हेलिकॉप्टरनं तंत्रज्ञ आले. त्यांच्याकडून झालं नाही. ६ जुलैला ब्रिटनहून ए-४००एम विमानातून मोठं पथक आलं, सोबत खास सामग्री होती. मग विमान ओढून हँगरमध्ये नेलं. २२ जुलैला ते उडालं आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या दिशेनं गेलं.

"पहिल्या टोळीला जमलं नाही म्हणून दुसरी आणली" असं जवळपास सगळ्यांनी लिहिलं. हे वाचून चीड येते. पहिली टोळी लाइनची होती. बिघाड हुडकणं आणि सोबतच्या सामानात, आपल्या अधिकारात सुटतो का ते पाहणं, हे तिचं काम. सुटत नसेल तर "इथे हे होणार नाही, अमुक माणसं आणि अमुक सामान पाठवा" असं स्पष्ट कळवणं हाही त्याच कामाचा भाग. त्याला अपयश म्हणत नाहीत. दुसरं पथक आलं ते डेपोचा एक तुकडा उचलून आणावा तसं.

हायड्रॉलिकचं काम म्हणजे नेमकं काय, हे लक्षात घेतलं तर उशिराचं आश्चर्य वाटणार नाही. तेलाची नळी खोलली की आत हवा शिरते, ती काढावी लागते. धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब आत गेला तर व्हॉल्व्ह अडकू शकते, म्हणून जागा स्वच्छ आणि कोरडी हवी. आणि हे केरळात ऐन पावसाळ्यात, उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचं. मग जमिनीवरच्या हायड्रॉलिक रिगनं (बाहेरून दाब देणाऱ्या यंत्रानं) पूर्ण दाब द्यायचा, गळती पाहायची, त्या दाबावर चालणारा प्रत्येक भाग हलवून बघायचा. उड्डाण-नियंत्रणाशी संबंध आला तर एकानं केलेलं काम दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तपासून सही करायची. हेच विमान जहाजावर असतं तर खाली हँगर होतं, जॅक होते, सुट्या भागांचं कोठार होतं. विमानवाहू जहाज आपल्यासोबत मधल्या फळीची, म्हणजे लाइन आणि डेपो यांच्या मधल्या पातळीची, कार्यशाळाच घेऊन फिरतं. परक्या नागरी विमानतळावर तेच तंत्रज्ञ हेलिकॉप्टरमध्ये मावेल तेवढंच आणू शकतात.

जुगाडाचं कौतुक करणाऱ्यांना मी इथेच थांबवतो. लाइनवरच्या चांगल्या माणसाची ओळख म्हणजे तो जुगाड करत नाही. पुस्तकात नसलेला पाना, दुसऱ्याच ग्रेडचा बोल्ट, "तात्पुरतं" म्हणून घातलेली वायर, यातलं काहीही त्याच्या हातून विमानात जाऊ नये. गेलं तर फॉर्म ७०० मधल्या पुढच्या सगळ्या सह्या खोट्या पडतात, कारण त्या ज्या विमानाबद्दल केल्या ते विमान आता तसं राहिलेलं नसतं. वायुसेनेतल्या आपल्या मुलांना "जुगाडू" म्हणणं ही स्तुती नव्हे.

लाइनचं काम हलकं समजणाऱ्यांसाठी दुसरं एक विमान. १७ नोव्हेंबर २०२१. एचएमएस क्वीन एलिझाबेथ भूमध्य समुद्रात होती. त्याआधी, ऑक्टोबरमध्ये, तिच्या ताफ्यानं आपल्या सैन्यदलांबरोबर कोकण शक्ती सराव केला होता. त्या दिवशी तिच्या डेकवरून निघालेलं एफ-३५बी पुरेशी ताकदच मिळाली नाही म्हणून रॅम्पवरून सरळ समुद्रात गेलं. वैमानिक इजेक्ट होऊन वाचला. चौकशीत आढळलं ते असं: इनटेकवर लावायचं एक झाकण आतच राहून गेलं होतं. विमानात काहीही बिघडलेलं नव्हतं. डेपोत ते पुन्हा पुन्हा खोलून तपासलं असतं तरी दोष सापडला नसता. बाहेरचा कचरा इंजिनात जाऊ नये म्हणून जी झाकणं लावतात त्यांतलंच एक. जेवढी लावली तेवढी काढली का, एवढाच प्रश्न होता. हत्यारांच्या बोर्डावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते आणि पाळी संपताना एकही जागा रिकामी चालत नाही, ते याचसाठी. एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान उडत नाही, मग वैमानिक तयार होऊन बसलेला असो की वरून फोनवर फोन येवोत.

डेपोत चूक झाली तर ती चाचणी उड्डाणाआधी पकडायला पुढे तपासणीचे बरेच टप्पे असतात. लाइनवरची चूक पकडायला उरतात ती फक्त इंजिन सुरू होण्याआधीची काही मिनिटं, आणि तीसुद्धा रात्री, डेकवर, वाऱ्यात, कानावर आवाज रोखणारे डिफेंडर लावलेले असताना. माझं मत विचाराल तर यातलं अवघड काम लाइनचं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. डेपोत नागरी कामगार बरेच, लाइनवर गणवेशातलेच. डेपोचं वेळापत्रक महिन्यांचं, लाइनचं उड्डाणांचं. डेपोत छप्पर असतं.

गोव्याच्या दाभोळीला नौदलाची मिग-२९के आहेत. तिथली तंत्रज्ञ मंडळी विक्रांत किंवा विक्रमादित्यवर जातात तेव्हा लाइन आणि मधली फळी एकाच जहाजावर, एका जिन्याच्या अंतरावर येतात: वर डेकवर टर्नराउंड, खाली हँगरमध्ये मोठं काम. तिथेही वरचा माणूस खालच्याच्या अधिकारातलं काम "आता आलोच आहे तर" म्हणून उरकून टाकत नाही. तो टॅग लिहितो, डबा खाली पाठवतो, दुसरा डबा वर मागवतो आणि पुढच्या विमानाकडे वळतो.